पट्टी धक्क्यावर आणा, साहेब

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

परवा पहाटे मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी खिशात टाकून बंदरावर गेलो होतो. नुकत्याच उतरलेल्या ट्रेमधली मूठभर तारली धक्क्यावर मांडली आणि मोजली. सात सेंटिमीटर, साडेसात, सात, आठ. दहाच्या वर एकही नाही. खवलं मनगटाला चिकटली ती घरी येईपर्यंत टिकल्यांसारखी चमकत होती. शेजारी पाटी घेऊन बसलेली काकी म्हणाली, "ह्येंचो काटोसुद्धा अजून धरूक नाय, नि चलले बघ टेम्पोत." टेम्पो बाजाराला जात नव्हता. फिशमीलच्या कारखान्याला जात होता.

तारली म्हणा की पेडवे, नावं गावागणिक बदलतात. सुरमई-पापलेट आमच्या हातून जातात, ताटात क्वचितच येतात. तारली मात्र वाट्यावर मिळते, तिरफळं घालून तिचं तिखलं होतं आणि महिनाअखेरीलाही परवडतं. तोच मासा वाळवून, दळून कोळंबीचं खाद्य होतो. किलोभर फिशमीलसाठी चार-पाच किलो ताजी मासळी लागते. म्हणजे गरिबाच्या ताटातलं काढून निर्यातीच्या कोळंबीला घालायचं. हा हिशेब मला कधी पटलेला नाही.

या माशाचं आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचं. पावसाळ्यात तो अंडी घालतो, आणि पाऊस ओसरता ओसरता नवी पिल्लं थव्यांनी किनाऱ्याजवळ येतात. आपली मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. 5 फेब्रुवारी 2016 च्या अधिसूचनेने पर्ससीनला, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याला, सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने दिले. म्हणजे पिल्लं दारात आणि जाळं पाण्यात, एकाच वेळी. पर्ससीनवाला एका वेढ्यात अख्खा थवा उचलतो. आणि खरं सांगायचं तर आम्ही रापणकरही, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, धुतल्या तांदळासारखे नाही. रापणीत आलेलं बारीक आम्हीही परत सोडत नाही.

केरळात काय झालं ते आपल्याला ठाऊकच असेल. 2012 साली तिथे जवळजवळ 3.9 लाख टन तारली उतरली होती, 2021 मध्ये अवघी 3,297 टन. शास्त्रज्ञ समुद्र तापवणाऱ्या एल निनोकडे बोट दाखवतात, ते खरंच आहे. तापलेल्या समुद्राला आपण काय करणार? पण वाईट वर्षी तग धरायला मागे काही मासा शिल्लक लागतो, आणि पिल्लंच दळली तर तो राहायचा कुठून? केरळाने तारलीला दहा सेंटिमीटरची मर्यादा घातली आणि कमी मापाची मासळी आणणाऱ्या बोटी पकडायला सुरुवात केली. आपणही 2023 मध्ये 54 प्रजातींची किमान मापं जाहीर केली, पापलेटाला 135 मिलिमीटर वगैरे. कागद चांगला आहे. माझं भांडण मापाशी नाहीच. माप घेणारा माणूस मला आजवर धक्क्यावर दिसलेला नाही, एवढंच म्हणणं आहे.

जानेवारी 2025 पासून आपण किनाऱ्यावर ड्रोन उडवता. परप्रांतीय बोटी हेरायला उत्तम. पण ट्रेमधला मासा सात सेंटिमीटरचा की बाराचा, हे ड्रोनला वरून कसं कळणार? त्यासाठी पहाटे तीन वाजता उठणारा एक माणूस हवा. प्रत्येक बोटीचा एक ट्रे त्याने उपसून बघावा, वहीत लिहावं. निम्म्याहून जास्त मासा कमी मापाचा निघाला तर त्या बोटीचा त्या महिन्याचा सरकारकडून मिळणारा डिझेल परतावा थांबवा. दंडाच्या पावतीपेक्षा परतावा लवकर समजतो, हे बोटमालक आपल्याला खाजगीत सांगतील. आणि तोच तपास फिशमीलच्या फाटकावर ठेवा, कारण घेणारा थांबला की पिल्लं मारणाराही थांबतो.

गेल्या वर्षी एका कार्यालयात हेच सांगायला गेलो होतो. "लेखी द्या," म्हणाले. दिलं. पोच आहे, उत्तर नाही.

22 एप्रिल 2025 ला आपल्या मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. आम्ही पेढे वाटले. पण कुठला शेतकरी पेरणीचं बियाणं गिरणीत घालतो?

कधीही या. पट्टी माझ्याकडे आहे, पंधरा सेंटिमीटरची, लाकडी. पहिली बोट साडेतीनला लागते.

आपला,
एका रापणकराचा मुलगा