लाकडाच्या शेगडीच्या सदोष जोडणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शेगडीचा धूरनळ, दार आणि भिंतीपासूनचे अंतर यांतील दोष दूर करण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची लाकडावर चालणारी बंद दाराची शेगडी आपल्याच तंत्रज्ञाने आमच्या घरी बसवून दिली. त्या जोडणीविषयी केलेल्या तोंडी तक्रारीवर आपल्या विभागाकडून "ओले लाकूड जाळू नका" एवढेच उत्तर मिळाले, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

लाकडाचा मुद्दा आधी निकाली काढतो. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलावामापक लावला असता ओलावा २० टक्क्यांच्या आत भरला, आणि आपल्या माहितीपुस्तिकेतही हीच मर्यादा दिली आहे. ओल्या लाकडाने क्रिओसोट (धुरातून नळात साचणारा चिकट, ज्वलनशील पदार्थ) वाढते हे मला मान्य आहे. परंतु ते नळाच्या आत धरायला हवे, बाहेर नव्हे. आमच्या नळाच्या दुसऱ्या सांध्यातून तपकिरी, डांबरासारखा चिकट ओघळ बाहेर येऊन वाळला आहे. वरच्या नळाचे टोक खालच्या नळाच्या आत बसले असते, तर थंड झालेल्या धुरातून सुटणारा द्रव आतल्या आत शेगडीकडे उतरला असता. येथे नळ नेमके उलटे जोडले आहेत.

दुसरा दोष दाराचा. शेगडी थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावले, तर बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यातून ती अलगद निघून येते. म्हणजे फट बंद करण्यासाठी दाराच्या कडेने बसवलेली उष्णतारोधक दोरी तेथे दाबलीच जात नाही, फटीतून हवा आत येत राहते आणि हवेची झडप पूर्ण बंद करूनही आग मंदावत नाही. धुराड्यात साचलेल्या क्रिओसोटने पेट घेतल्यास तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, आणि त्या वेळी हवा तोडणे हा घरच्यांच्या हातातला पहिला उपाय असतो. तोच आमच्या हाती राहिलेला नाही.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे एकपदरी नळ आणि लाकडी भिंत यांत वीतभरही अंतर नाही. पुस्तिकेत मात्र किमान ४५० मिलिमीटर सांगितले आहे. "इतके दिवस काही झाले का?" असे आपल्या तंत्रज्ञाने विचारले. लाकूड दीर्घकाळ तापत राहिले की ते पूर्वीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकते, हे त्यांना ठाऊक नसेल तर त्यांना या कामावर पाठवणेच चूक आहे. धूर दिसत नसल्याने काळजी नको, हा त्यांचा सल्लाही तसाच. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो.

तरी जाणकार तंत्रज्ञ पाठवून धूरनळ साफ करून नव्याने जोडावा, दाराची दोरी बदलावी, भिंतीपासूनचे अंतर नियमानुसार करावे आणि प्रत्यक्ष मोजमापांसह स्वाक्षरीचा जोडणी अहवाल द्यावा. विम्यासाठीही तो मला लागणार आहे. तोपर्यंत शेगडी बंद ठेवली आहे. १५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास पूर्ण रक्कम परत मागण्याचा आणि ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे.

सोबत : सांध्याची व भिंतीची छायाचित्रे, खरेदी पावतीची प्रत.

आपला,
एक ग्राहक