सुध्या, तू नाटक करत नव्हतास

सुध्या,

आठ महिने ना फोन ना मेसेज, शिव्या नंतर घाल, आधी वाच. आम्ही बरे, माझं बीपी गोळीवर, आईचे गुडघे तसेच.

धाकट्याचा गाल सुजलाय. उजवाच, कानाखाली, तिसऱ्यांदा. आधी दोनदा सगळ्यांनी गालगुंड म्हणून सोडून दिलं, मीपण. आताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो गालगुंड सहसा एकदाच होतं आणि याची तर लसही झालीय. त्यांनी कानापासून पुढे गाल हळूहळू दाबत आणला, तोंडात बॅटरी मारून मला दाखवलं. वरच्या दाढेसमोर गालाला आतून बारीक ठिपका असतो, लाळेच्या नळीचं तोंड. तिथून लाळेबरोबर पांढरे कण आले. पू नाही. सोनोग्राफीत ग्रंथीत बारीक काळे ठिपकेच ठिपके. काही मुलांत अशी सूज परत परत येते म्हणे, बहुतेकांची वयात येताना आपोआप थांबते.

अरे हे तर तुझंच! चौथीपासून दर चाचणीला तुझा गाल फुगायचा, आणि सरांनी वर्गासमोर तुला आ करायला लावलेलं आठवतं? 'गालात कागदाचा बोळा आहे' हे सांगणारा मॉनिटर नव्हता रे, मी होतो. इतकी वर्षं तू त्या बिचाऱ्याशी बोलत नाहीस. (बॅट मात्र तूच मोडलीस, त्यावर मी ठाम.)

तर आता पाणी भरपूर, शेक, मसाज, अँटिबायोटिक नाही. फारच वारंवार झालं तर नळीत बारीक दुर्बीण घालून धुतात. मी खडा असेल का विचारलं, तर तो मुलांत कमी आणि झालाच तर बहुतेक जबड्याखालच्या ग्रंथीत. साहेब दिवसभर फुगे फुगवतात म्हणून तेही विचारलं, तर त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या नळीतून हवा उलटी शिरून गाल फुगू शकतो, पण मग दाबल्यावर चुरचुरतं, याचं तसं नाही. न दुखणारी, टणक, न ओसरणारी गाठ असती तर वेगळाच तपास.

रक्त मात्र घेतलंय, प्रतिकारशक्ती नीट आहे का ते बघायला, आणि शोग्रेन की काय, त्यात शरीरच लाळेच्या नि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतं, मुलांत कोरडेपणाच्या आधी नुसती सूजच दिसू शकते. रिपोर्ट यायचाय. ही झोपते, मी रात्री उठून त्याचा गाल चाचपतो.

नव्या नोकरीचं कळलं, भारी. वहिनींना नमस्कार.

तुझं नक्की कितवीत थांबलं ते काकूंना विचारून कळव. आणि डोळे कोरडे पडतात का रे तुझे? खरं सांग.

तुझा,
बंड्या