स्मृतिभ्रंश आणि स्वभावाला दिला जाणारा दोष

महोदय,

काळजीखोर माणसाला म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो, अशा आशयाचे संदेश हल्ली मोबाईलवर फिरत असतात, आणि गोव्यातील आमच्या फोंडा परिसरात तरी त्यांचा परिणाम एवढाच दिसतो की घरची माणसे आजारी आईच्या किंवा सासूच्या स्वभावालाच बोल लावू लागतात.

मूळ संशोधन इतके सरधोपट नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात आठ दीर्घकालीन अभ्यासांतील ४४ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. त्यांपैकी १,७०३ जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. सतत चिंता करणाऱ्यांत धोका अधिक आढळला, तर शिस्तशीर आणि माणसांत रमणाऱ्यांत कमी. मात्र मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतील विकृतीशी या स्वभावगुणांचा सातत्याने संबंध दिसला नाही. म्हणजे स्वभावामुळे मेंदू झिजतो असे यावरून सिद्ध होत नाही. मेंदूची हानी होऊनही काही जण व्यवहार अधिक काळ सांभाळू शकतात, एवढीच शक्यता संशोधक मांडतात. शिवाय ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे जे १४ धोके सांगितले, त्यांत ऐकू कमी येणे, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य आणि एकटेपणा आहेत, स्वभाव नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो स्वभावातील बदल. विस्मरण जाणवण्यापूर्वीही तो काहींमध्ये दिसू लागतो. दर चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) स्वतः उभे राहून बांधून घेणारे गृहस्थ एखाद्या वर्षी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, किंवा हिशेबी बाई शेजारणीवर चोरीचा संशय घेऊ लागते, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून आपण सोडून देतो. त्यामागे नैराश्य, थायरॉईडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते, आणि त्यांवर तर उपचार आहेत.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील लोक ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२ टक्के. त्यातच मुले परदेशी किंवा बोटीवर, त्यामुळे हा बदल टिपणारे घरात कुणी नसते. (व्हिडिओ कॉलवर आई नेहमीच ‘बरी’ असते.) म्हणून आरोग्य खात्याला विनंती आहे की प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येणाऱ्या ज्येष्ठांची श्रवणचाचणी करावी, सोबतच्या माणसाकडे त्यांच्या स्मरणाची आणि बदललेल्या वागण्याची चौकशी करावी, आणि गरज भासल्यास त्यांना बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवावे.

आपला,
एक वाचक, फोंडा