शब्दकोड्यांतील जोड्या, श्लेष आणि ऱ्हस्व-दीर्घ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही महिने प्रसिद्ध जोड्यांवर आणि सारख्या उच्चाराच्या शब्दांवर बेतलेली कोडी येत आहेत. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून हयात घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे सदर फार जवळचे वाटते, आणि म्हणूनच त्यातील एका उणिवेकडे आपले लक्ष वेधावे असे वाटले.

मागच्या एका कोड्यात 'गरिबाचा दिवस' असे शोधसूत्र होते आणि उत्तर दोन अक्षरी होते. त्याच चौकटीतून उभा शब्द 'दीक्षा' सुरू होत असल्याने आडव्या ओळीत 'दीन' लिहिणे भाग होते, आणि छापलेले उत्तरही तेच होते. परंतु 'दीन' म्हणजे केवळ गरीब. दिवस या अर्थाचा शब्द 'दिन' असा ऱ्हस्व आहे. बोलताना आपण या दोहोंत फरक करीत नाही, कारण मराठीत शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याआधीचा इकार किंवा उकार उच्चारात लांबतोच. त्यामुळे सुत आणि सूत, पिक आणि पीक, पुर आणि पूर, सुर आणि सूर या जोड्या कानाला सारख्याच लागतात. स्नेहसंमेलनात तोंडी विचारलेल्या कोड्यात त्यांचा उपयोग खुशाल करावा. छापील कोड्यात मात्र एका चौकटीत मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर बसते आणि ते आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांना लागू पडावे लागते, त्यामुळे तेथे वेलांटी चुकली की कोडेच चुकते.

याचा अर्थ लिखित मराठीत खऱ्या श्लेषाला, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघण्याला, वाव नाही असा मुळीच नाही. उलट १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने स्वीकारले, तेव्हापासून तो वाढला आहे, ही गोष्ट कोडी रचणाऱ्यांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहावेत असे ठरल्याने सूर्य या अर्थाचा 'रवि' सुटा लिहिताना 'रवी' झाला आणि ताक घुसळण्याच्या रवीशी अक्षरशः एकरूप झाला. 'उगवतो तो आकाशात, फिरते ती ताकात' हे शोधसूत्र आज लेखनदृष्ट्याही निर्दोष आहे. उच्चारात नसलेले अनुस्वार, मग ते व्युत्पत्तीने सिद्ध होणारे असोत वा नसोत, गेले, त्याचाही असाच लाभ झाला. जुन्या छापील पुस्तकांत संख्या 'पांच' आणि हिरवे रत्न 'पाच' असे वेगळे दिसत. आता दोन्ही 'पाच' आहेत. 'नांव' आणि 'नाव' यांचेही तेच झाले, म्हणून 'बुडाले तर लाज जाते, बुडाली तर जीव जातो' असे विचारता येते आणि उत्तर एकच येते. येथे क्रियापदाचे लिंगच वाचकाला वाट दाखवते. मराठीच्या व्याकरणाने दिलेली ही सोय इतकी सुंदर आहे की ती वापरली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच्या उलट प्रकारही आहे. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य हे शब्द लिहायला सारखे असले तरी पहिल्यातला 'ज' 'जागा'तल्यासारखा दंततालव्य आणि दुसऱ्यातला 'जीव'मधल्यासारखा तालव्य आहे. असा शब्द चौकटीत चालतो, पण 'समान उच्चार' या मथळ्याखाली तो येऊ नये.

जोड्यांच्या बाबतीत माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. अलीकडच्या एका कोड्यात 'जोडीने मिळणारे फळ' असे शोधसूत्र होते आणि उत्तर 'नासपती' असे होते. इंग्रजीत जोडी आणि नासपती या दोन्ही शब्दांचा उच्चार 'पेअर' होतो, हे माहीत असलेल्यालाच ते सुटणार, आणि मराठी शब्दात तर त्या खेळाचा मागमूसही उरत नाही. आपल्याकडच्या जोड्या असा उसना आधार मागत नाहीत. 'पाणी देणारा राजा आणि हंसाचे ऐकणारी राजकन्या' म्हणजे नळ-दमयंती. 'अंगावरची मऊ आणि पूजेतला टोकदार' म्हणजे लव-कुश. दर्भाचे टोक तीक्ष्ण असते म्हणून तर आपण कुशाग्र बुद्धी म्हणतो. मला सर्वांत आवडते ते 'एक आजी साधूची, दुसरी सावकाराची'. उत्तर संताजी-धनाजी. ज्यांच्या धाकाने मोगलांच्या घोड्यांना पाण्यातही तेच दिसत अशी आख्यायिका आहे, त्या दोघा सेनानींच्या नावांत संत आणि धन यांना आजी जोडलेली आहे. संधी नियमाप्रमाणे होते, 'जी'चा उच्चार दोन्हीकडे तालव्यच राहतो आणि ऱ्हस्व-दीर्घही अचूक जुळते. शाळकरी मुलांना हे कोडे घातले की उत्तर सापडताच त्यांचे चेहरे उजळतात, आणि पुढे घोरपडे कोण व जाधव कोण हे ती आपण होऊन विचारतात.

एका शब्दाच्या अनेक अर्थांवर प्रश्न रचण्याची रीत आपल्या घराघरांत होतीच. भाकरी का करपली, घोडा का अडला, पाने का सडली, या तिन्हींचे उत्तर 'न फिरवल्यामुळे'. हिंदीत पान आणि घोड्याचा असाच प्रश्न अमीर खुसरोच्या नावावर सांगितला जातो, परंतु भाकरी, घोडा आणि विड्याची पाने यांना मराठीतले 'फिरवणे' हे एकच क्रियापद इतके सहज लागते की प्रश्न अस्सल इथल्या स्वयंपाकघरातला वाटतो.

माझी विनंती एवढीच आहे की, शोधसूत्राशेजारी ते श्लेषाचे आहे की केवळ उच्चारसाम्याचे आहे हे एखाद्या खुणेने दाखवावे, उच्चारसाम्याच्या शोधसूत्रात कोणता अर्थ चौकटीत लिहायचा हे शब्दरचनेतूनच स्पष्ट व्हावे, आणि पुढच्या रविवारी नुसती उत्तरे न देता प्रत्येक श्लेषाची एका ओळीत फोड द्यावी. या फोडीसाठी जागा कमी पडत असेल तर कोड्यातील चार-पाच शब्द कमी केलेले मला चालतील. वर दिलेली शोधसूत्रे आपण निःसंकोच वापरावीत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा