फोचा वाडगा कसा खायचा, हे सांगणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

मोठ्या बाईला नात्यानं हाक मारायची रीत व्हिएतनामी भाषेतही आहे, म्हणून या पत्रात तुम्ही आमच्या काकू.

उपनगरातल्या साध्या व्हिएतनामी खाणावळीत पदार्थ बहुधा आकडा सांगूनही मागवता येतो, उच्चार चुकला तरी अडत नाही. तो खायचा कसा, हे मात्र मेन्यूत छापलेलं नसतं. ते तुम्ही सांगता. प्रत्येक नव्या टेबलाला, ऐन गर्दीतसुद्धा. त्यासाठी हे आभार.

सगळ्यात आधी आभार ‘पहिले दोन चमचे नुसता रस्सा’ या तुमच्या आग्रहाचे. फोचा, म्हणजे मसाल्याच्या रश्श्यातल्या तांदळाच्या नूडल्सचा, वाडगा समोर आला की हात तिखट लाल सॉसच्या आणि होइसिन या दाट, गोडसर सॉसच्या बाटलीकडे जातो. दोन्ही रश्श्यात पिळले की होइसिनचा दाट गोडवा चक्रीफुलाचा आणि भाजक्या आल्याचा वास पार झाकून टाकतो. म्हणून तुम्ही छोटी बशी पुढे करता: सॉस बशीत, मांसाचा तुकडा त्यात टेकवून खायचा, रश्श्याला हात लावायचा नाही.

तो रस्सा निवळशंख येतो, यामागचे कष्ट गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. हाडं आधी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळायची, ते पाणी फेकायचं, हाडं चोळून धुवायची, मग नवं पाणी. पुढचे सहा-आठ तास आच मंदच. जोराची उकळी फुटली की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि रस्सा गढूळ, तेलकट होतो. कांदा-आलं काळे डाग पडेपर्यंत भाजलेलं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची आणि धणे कोरडे भाजून पुरचुंडीत. पुरचुंडी वेळेवर बाहेर आली नाही तर सगळ्याला औषधाचा वास लागतो. एवढं जमलेलं असताना चव न घेताच त्यात सॉस ओतणं म्हणजे अन्याय आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

‘ताय’ मागवलं तर बीफचे पातळ काप कच्चेच ठेवून वर उकळता रस्सा ओतलेला असतो. शिजण्याचं उरलेलं काम टेबलावर होतं. म्हणून तुम्ही आधी काप सुटे करून रश्श्याखाली ढकलायला लावता. थंडगार मोडांचा ढीग पहिल्यांदाच टाकला तर वाडग्याची धग उतरते आणि मांस लालच राहतं. मोड दोन-तीन वेळा थोडे थोडे घालायचे, किंवा उकळत्या पाण्यातून काढलेले मागायचे. थाई तुळस देठ काढून, पानं हातानं तोडून. लिंबू शेवटी, आणि आधी एकच फोड. आंबटपणा नंतर वाढवता येतो, काढता येत नाही. गप्पा नंतर! तांदळाच्या नूडल्स रस्सा पिऊन फुगत जातात आणि मग चॉपस्टिकनं उचलताना तुटतात.

उत्तरेकडच्या हनोईच्या पद्धतीला हे मोड-तुळशीचं हिरवं ताट लागतच नाही. तिथे पातीचा कांदा आणि लसूण घातलेलं व्हिनेगर पुरतं. व्हिएतनामच्या १९५४च्या फाळणीनंतर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले, त्यांच्याबरोबर फो तिथल्या सायगॉन शहरात पसरला आणि तिथल्या मोड, तुळस, होइसिनशी त्याची गाठ पडली. कुणी ताटाला हातही न लावता नुसता वाडगा संपवला, तरी तुम्ही त्याला हटकत नाही.

राइस पेपर, म्हणजे सारण भरायची तांदळाची पातळ वाळकी चकती, स्वतः गुंडाळायचा असतो तेव्हा तर तुमची खरी मदत. कोमट पाण्यात दोन-तीन सेकंदच बुडवायचा आणि जरा कडक असतानाच ताटलीवर घ्यायचा. सारण मांडेपर्यंत तो आपोआप मऊ पडतो. पाण्यातच मऊ होऊ दिला तर चिकटतो आणि गुंडाळताना फाटतो. सारण खालच्या तिसऱ्या भागात, मूठभरापेक्षा कमी.

नुओक चामचं, म्हणजे बुडवून खायच्या आंबटगोड पातळ सॉसचं, प्रमाणही तुम्ही कुणापासून लपवलं नाही: एक भाग फिश सॉस, एक साखर, एक लिंबाचा रस, चार-पाच भाग पाणी. साखर कोमट पाण्यात आधी विरघळवायची, लिंबू गार झाल्यावर, बारीक चिरलेली लसूण-मिरची शेवटी, म्हणजे ती वर तरंगते.

शाकाहारी मंडळींकडून वेगळे आभार. शाकाहारी पदार्थांना तुमच्याकडे ‘चाय’ म्हणतात. पण भाज्यांच्या वाडग्याबरोबरही फिश सॉसचं नुओक चाम येऊ शकतं, आणि नुसत्या भाज्या घातलेल्या फोचा रस्सा हाडांचा असू शकतो. त्यांनी विचारण्याआधीच तुम्ही हे सांगता आणि सोया सॉसची वाटी आणून ठेवता.

कॉफीचा फिन, म्हणजे कपावर ठेवायची छोटी गाळणी, टेबलावर ठेवताना ‘आधी थोडंसंच पाणी, अर्धा मिनिट थांबा’ म्हणता, तेही बरोबर. पूड फुगली की बाकीचं पाणी घालायचं. मग थेंब चार-पाच मिनिटं पडत राहतात. तळाचं कंडेन्स्ड मिल्क नीट ढवळल्यावरच बर्फावर ओतायचं, नाहीतर गार झालेलं दूध तळाशीच चिकटून राहतं.

आणि रस्सा संपला की ‘आज फो नाही’ असं तुम्ही सरळ सांगता. पाणी घालून वाढवत नाही. आम्ही उद्या येतो.

तुमची नेहमीची गिऱ्हाइकं