ताडोबा ट्रिप: मोटरहोमवाल्यांनी आधी हे वाचा
मंडळी, आधी सफारीचं बुकिंग, मग बाकी सगळं. आपली मोटरहोम, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, गेटच्या आत जात नाही, आत फक्त सफारीच्या गाड्या, त्यामुळे मोहर्ली गेट का कोलारा गेट ते आत्ताच ठरवा, कारण मोहर्लीला चंद्रपूरवरून जायचं आणि कोलाऱ्याला चिमूरवरून, ऐनवेळी एवढी मोठी गाडी आतल्या रस्त्यांवर वळवत बसणं म्हणजे नुसता ताप. मंगळवारी पार्क बंद. बुकिंगला दिलेलं ओरिजिनल आयडीच सोबत ठेवा.

पुण्यातून नगर, शिर्डी करत समृद्धी धरायचा, पण एका दमात नको, मध्ये मुक्काम कराच. पाण्याची टाकी फुल्ल आणि सामान चढलेलं असताना टायरची हवा चेक करा, समृद्धीवर तासन्‌तास एका स्पीडने टायर जाम तापतात.

रात्री बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, रस्त्याकडेला गाडी लावून झोपायचं नाही म्हणजे नाही, वाघ तिथंही फिरतात. रिसॉर्टला आधीच फोन करून पार्किंग आणि लाइटचं कनेक्शन मिळेल का विचारून घ्या. आणि सिंकचं खरकटं पाणी जंगलात कुठंही सोडू नका प्लीज, साबण-तेल सगळं ओढ्यात जातं आणि तेच जनावरं पितात.

येणाऱ्यांनी रविवारपर्यंत नाव आणि गेट ग्रुपवर टाका.