तळघरातला बँड

लंडन, २७ जानेवारी २०१३

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तराला लागलेल्या उशिराबद्दल तू मनात जे म्हणत असशील ते सगळे मला मान्य आहे. आज मात्र बैठक मारून लिहितो आहे, कारण एक गोष्ट मनात साठून राहिली आहे आणि ती न कंटाळता ऐकून घेणारा माणूस तुझ्याखेरीज मला ठाऊक नाही. पुढच्या सोमवारी, म्हणजे ४ फेब्रुवारीला, रात्री नऊ वाजता बीबीसी टू वाहिनीवर लेखक-दिग्दर्शक स्टीफन पोलियाकॉफ यांची ‘डान्सिंग ऑन द एज’ ही पाच भागांची मालिका सुरू होत आहे. काळ १९३०च्या दशकाच्या आरंभीचा, शहर लंडन, आणि कथा एका बड्या हॉटेलात वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांच्या जाझ बँडची. चोरबाजारात जुन्या तबकड्यांच्या ढिगासमोर उकिडवे बसून आपण दोघांनी जे शुक्रवार घालवले, ते कोणीतरी इतक्या वर्षांनी सत्कारणी लावतो आहे असे ही बातमी वाचताना वाटले.

बँडचा प्रमुख लुई लेस्टर हे पात्र काल्पनिक आहे आणि ती भूमिका चुवेटेल एजिओफोर करणार आहे. ‘डर्टी प्रिटी थिंग्ज’ या चित्रपटात लंडनच्याच एका हॉटेलात रात्रपाळी करणारा, मूळचा डॉक्टर असलेला नायजेरियन माणूस त्याने उभा केला होता तो तुला आठवत असेल. फारसे न बोलता सगळे पाहत राहणारा त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. आता तोच चेहरा हॉटेलातल्या पियानोमागे दिसणार, ही निवड मला अचूक वाटते.

‘द लॉस्ट प्रिन्स’ या आपल्या आधीच्या कलाकृतीसाठी राजघराण्याचा अभ्यास करताना, ब्रिटनचे राजपुत्र अमेरिकन जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वादकांच्या संगतीत रमत असत हे पोलियाकॉफ यांना समजले आणि तेथे या मालिकेचे बी पडले. ती हकीकत खरीच आहे. १९३३च्या जूनमध्ये एलिंग्टनचा बँड लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात वाजवायला आला होता, आणि वृत्तपत्रमालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या घरच्या मेजवानीत प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे आठवा एडवर्ड होऊन ज्याने गादी सोडली तोच, ड्रमवर जाऊन बसला होता. एलिंग्टनने आपल्या आठवणींत हे मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. त्याच दौऱ्याची दुसरी बाजू अशी की स्वतः एलिंग्टनची सोय डॉर्चेस्टर हॉटेलात झाली, पण चांगल्या हॉटेलांनी काळ्या माणसांना दार न उघडल्यामुळे बँडमधल्या बाकीच्यांना ब्लूम्सबरी भागातल्या खाणावळवजा घरांत पांगावे लागले. रात्री ज्यांच्या मांडीला मांडी लावून राजपुत्र बसला, त्यांना सकाळी कोणत्या घरमालकिणीने कपाळाला आठ्या घालून चहा दिला असेल, हा प्रश्न मला राजपुत्राच्या ड्रमवादनापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

माझी उत्सुकता आणि माझी धास्ती, दोन्ही याच ठिकाणी आहेत. पोलियाकॉफ यांना श्रीमंतांची दालने, हिरवळी आणि लांबलचक जेवणावळी फार प्रिय आहेत, आणि त्या ते सुंदर दाखवतात यात शंका नाही. शिवाय या कथेत एक गूढ गुन्हाही आहे असे पूर्वप्रसिद्धीवरून दिसते. उमरावांच्या घरातला गुन्हा आणि त्याला जाझचे पार्श्वसंगीत, एवढ्यावरच सगळे उरकले तर वादक आपल्याच गोष्टीत पाहुणे ठरतील. मला त्यांचे काम पाहायचे आहे: दुपारच्या रिकाम्या दालनात खुर्च्या उलट्या ठेवलेल्या असताना चाललेली तालीम, ट्रंपेटवाल्याचे सुजलेले ओठ, आठवड्याच्या शेवटी हातात पडणारे पैसे, आणि ज्या हॉटेलची रात्र आपल्यामुळे रंगते त्या हॉटेलात स्वयंपाकघराच्या दाराने शिरावे लागणे. ट्रेलरमध्ये अशा दाराची ओझरती झलक दिसल्याचा मला भास झाला. भासच असावा.

संगीताची बाब तर आणखी नाजूक आहे. जुनी लोकप्रिय गाणी न वापरता एड्रियन जॉन्स्टन यांनी त्या काळच्या धाटणीची नवी गाणी रचली आहेत. हे वाचून प्रथम माझ्या कपाळावर आठी चढली, पण विचार केल्यावर पटले. ओळखीचे गाणे लागले की आपण आपल्याच आठवणीत शिरतो. गाणे नवे असेल तर १९३२ साली नव्याने ऐकणाऱ्याच्या जागी बसण्याची थोडी तरी शक्यता राहते. फक्त ध्वनिमुद्रण फार घासूनपुसून केलेले नसावे.

गेल्या आठवड्यात येथे बर्फ पडला. रस्त्याकडेचे ढीग अजून वितळले नव्हते, तशात मी मुद्दाम कॉव्हेंट्री स्ट्रीटवर जाऊन ‘कॅफे द पारी’ या तळघरातल्या नाइटक्लबचे दार पाहून आलो. आजही तेथे नाचगाणे चालते आणि थंडीत कुडकुडत तरुण मुले रांगेत उभी असतात. या मालिकेच्या बातम्या वाचताना मला सारखा आठवतो तो केन जॉन्सन, ज्याला लोक ‘स्नेकहिप्स’ म्हणत. जन्म १९१४चा, ब्रिटिश गयानामधल्या जॉर्जटाउनचा. उंची सहा फूट चार इंच. कंबर सापासारखी लवचिक, म्हणून हे नाव. स्वतः तो वादक नव्हता, नर्तक होता, आणि पांढरा कोट घालून लांब छडीने बँड चालवत असे. जमैकाचा ट्रंपेटवादक लेस्ली थॉम्प्सन याच्याबरोबर त्याने १९३६मध्ये केवळ कृष्णवर्णीय वादकांचा बँड उभारला. वादकांना घासून तयार केले थॉम्प्सनने, पण वर्षभरातच कराराचे कागद दुसऱ्यांच्या नावाने झाले आणि तो बाहेर पडला. अशा गोष्टी आपल्या नाटक कंपन्यांच्या इतिहासातही काही कमी नाहीत.

८ मार्च १९४१च्या रात्री ब्लॅकआउटच्या अंधारातून आणि बाँबवर्षावातून जॉन्सन धावतपळत याच ‘कॅफे द पारी’त कामाच्या वेळेला पोहोचला. जमिनीखाली असल्यामुळे ही जागा सुरक्षित आहे अशी जाहिरात केली जात असे. कार्यक्रम सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल तोच बाँब थेट आत येऊन फुटला. तिसांहून अधिक माणसे गेली. जॉन्सन आणि त्याचा सॅक्सोफोनवादक डेव्ह विल्यम्स त्यांत होते. जॉन्सन २६ वर्षांचा होता. त्याच बँडचा गिटारवादक जो डेनिझ जखमी झाला पण वाचला. तो वेस्ट इंडीजचा नव्हे, वेल्समधल्या कार्डिफच्या गोदी भागात जन्मलेला होता. याच बँडची १९४० साली निघालेली एक एचएमव्हीची तबकडी मला येथे एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली आहे. कडेला टवका उडालेला आहे, पण पहिली काही सेकंदे खरखरून गेली की सॅक्सोफोनांची रांग एकदम श्वास घेते, आणि तो श्वास स्पष्ट ऐकू येतो. तुला ऐकवायची आहे.

वेस्ट इंडीजच्या मंडळींना येथे वाव मिळाला त्यामागे एक सरकारी निर्णय आहे आणि मालिका त्याच्या उंबरठ्यावरच्या काळात घडते. इंग्रज वादकांच्या संघटनेच्या आग्रहापुढे नमून कामगार मंत्रालयाने १९३५मध्ये अमेरिकन बँडना परवाने देणे जवळपास बंद केले, आणि ही कोंडी १९५६पर्यंत सुटली नाही. जमैका, त्रिनिदाद, गयाना येथली माणसे मात्र ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे त्यांना परवान्याची गरज नव्हती. काळा बँड हवा असलेल्या क्लबमालकांची नजर साहजिकच त्यांच्याकडे वळली.

आणि आता तुझ्या अंगणातली गोष्ट. लंडनचे दार लागले त्याच १९३५ साली लिऑन अबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५मध्ये पटकीने तेथेच वारला. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेल्या आपल्या वादकांनी ही माणसे जवळून ऐकली. त्यांतूनच ताजमध्ये दोन दशके बँड चालवणारा मिकी कोरिया झाला, आणि ज्याला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत तो ट्रंपेटवादक चिक चॉकलेट झाला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, या चिक चॉकलेटला साहाय्यक म्हणून हाताशी धरले. भगवानदादांच्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. आपण तो चित्रपट तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा भगवानदादांच्या पायांकडेच पाहत बसलो! जमले तर या आठवड्यात पुन्हा लाव आणि मागच्या ओळीतल्या वादकांकडे बघ. ताजच्या त्या दालनावर मराठीत अशी पाच भागांची मालिका करण्याची हिंमत कोणी दाखवील का, हा प्रश्न मी येथे नुसता टाकून ठेवतो. त्यावर तुझे लांबलचक भाषण मला पत्रानेच हवे आहे.

सोमवारी रात्री येथे नऊचे ठोके पडतील तेव्हा तुझ्याकडे मंगळवारची पहाट असेल, अडीच वाजलेले असतील. त्या वेळी फोन करण्याचा मोह मी आवरीन, वहिनींना तसे सांग. दुसऱ्या दिवशी मात्र पत्र लिहीन, आणि त्याच्या पहिल्या ओळीत एवढेच असेल की वादक कोणत्या दाराने आत आले.

तुझाच,
तबकड्यांतला भागीदार